छोट्या गाडीचे स्पार्क प्लग कधी बदलायचे? सीएनजीवाल्यांनी आकडा वेगळाच धरावा

पेट्रोलवर गाडी एकदम बरोबर, गॅसवर टाकली की चढाला झटके. सीएनजी गाडीवाल्यांची ही नेहमीची तक्रार. बहुतेक जण थेट गॅस किटवाल्याकडे जातात, ट्यूनिंग करून घेतात आणि चार दिवसांनी परत तेच. मी स्वतः यात पैसे घातले आहेत. दोनदा ट्यूनिंग झालं, फिल्टर बदलला. शेवटी बाजारातल्या एका जुन्या मिस्त्रीने तिन्ही प्लग खोलून हातावर ठेवले. टोकं झिजून गोल झालेली. नवे टाकले, गाडी सरळ झाली. किटमध्ये काहीच बिघाड नव्हता.

प्लगचं काम एकच, सिलिंडरमध्ये ठिणगी पाडायची. तीन सिलिंडरच्या गाडीला तीन प्लग, चार सिलिंडरला चार. (होंडा सिटीच्या जुन्या आय-डीएसआय इंजिनाला एका सिलिंडरला दोन, असे आठ होते. पल्सरवाल्यांना हा प्रकार माहीत आहे.) इंजिन मिनिटाला २,००० फेरे मारत असेल तर एक प्लग मिनिटाला १,००० ठिणग्या टाकतो, तासाला ६०,०००. ताशी ४० किलोमीटरची सरासरी धरली तर ४०,००० किलोमीटर म्हणजे १,००० तास, म्हणजे एका प्लगच्या सहा कोटी ठिणग्या. प्रत्येक ठिणगीला टोकाचा धातू कणभर उडतो. दोन टोकांमधली फट, म्हणजे गॅप, वाढत जाते. गॅप वाढला की ठिणगी पाडायला कॉईलला जास्त जोर लावावा लागतो, आणि एक दिवस तो जोर कमी पडतो.

किती किलोमीटरला बदलायचे, हे प्लग कोणता आहे त्यावर आहे. साधा निकेलच्या टोकाचा प्लग साधारण ३० ते ४० हजार किलोमीटर. इरिडियमचा ८० हजार ते लाखापर्यंत जातो, कारण इरिडियम २,४०० अंशांच्या पुढे वितळतं आणि निकेल १,४५५ अंशांवर. त्यामुळे इरिडियमचं टोक बारीक ठेवूनही लवकर झिजत नाही. आपल्या गाडीत कोणता आहे आणि कंपनीने कोणता आकडा दिलाय, ते गाडीसोबतच्या पुस्तकात असतं. ते पुस्तक डॅशबोर्डच्या कप्प्यात प्लास्टिकमध्ये तसंच पडून असतं, एकदा उघडा. जुनी गाडी घेतली असेल आणि आधीच्या मालकाने प्लग कधी बदलले याचा पत्ता नसेल, तर आकड्याची वाट न बघता एकदा खोलून बघावेत. डिझेल गाडीला स्पार्क प्लग नसतो, तिथे ग्लो प्लग असतो, त्याचा विषय वेगळा.

आता सीएनजी. गॅसला पेट घ्यायला पेट्रोलपेक्षा जास्त तापमान लागतं, म्हणून ठिणगी जोरदार हवी. पेट्रोल आत जाताना थोडा गारवा देतं, गॅस तोही देत नाही. त्यामुळे प्लग लवकर झिजतो आणि थोडा झिजला तरी गॅसवर लगेच कळतं. पेट्रोलवर तोच प्लग अजून काही दिवस चालवून घेतो. म्हणून पेट्रोलवर बरी आणि गॅसवर झटके असं असेल, तर किटला हात लावायच्या आधी प्लग बघायचे. गॅसवर रोज चालणाऱ्या गाडीला साधे प्लग असतील तर २० हजारांच्या आसपास बदललेले बरे. आणि नुसतं किलोमीटरवर जाऊ नका. पंपाच्या रांगेत, बाजार समितीच्या गेटवर एसी लावून गाडी चालू ठेवली की मीटर फिरत नाही, प्लग मात्र झिजतच असतो.

प्लग संपत आल्याच्या खुणा: सकाळी सेल्फ जास्त वेळ मारावा लागतो, उभ्या गाडीत इंजिन थरथरतं, ओव्हरटेक करताना पिकअप मिळत नाही, अ‍ॅव्हरेज उतरतं. इंजिनाचा पिवळा दिवा नुसता लागला तर गाडी दाखवून घ्या. पण तो लुकलुकायला लागला आणि गाडी मिसिंग करत असेल तर ताणू नका, हळू घ्या, जमलं तर थांबवा. न जळालेलं पेट्रोल किंवा गॅस सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटालिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि तो आतून खराब होतो. त्याच्या किमतीत प्लगचे कितीतरी सेट येतील. शिवाय आपल्याकडे रात्री दवाखान्यात जायला वाडीवर एखादीच गाडी असते, ती घाटात अडकली की काय होतं हे सांगायला नको.

काढलेला प्लग फेकू नका, त्याचं टोक बघा. फिकट तपकिरी असेल तर इंजिन ठीक. कोरडी काळी काजळी असेल तर इंधन जास्त जातंय किंवा हवेचा फिल्टर चोंदलाय. मुरमाच्या रस्त्यावर हेच जास्त दिसतं. काळा आणि तेलकट असेल तर इंजिन ऑइल खातंय, नवा प्लगही तसाच होणार, आधी रिंगा किंवा व्हॉल्व्ह सील तपासा. पांढराफटक, फोड आल्यासारखा असेल तर तो जास्त तापतोय. कुलिंग तपासा, प्लगचा नंबर चुकीचा आहे का तेही बघा. पेट्रोलने ओला असेल तर गाडी धुवायला शेडमधून काढून लगेच बंद करायची सवय आहे का, ते आठवा.

बदलताना घाई नको. इंजिन पूर्ण गार हवं, कारण हेड अ‍ॅल्युमिनियमचं असतं आणि गरम असताना प्लग काढला तर आटे जातात. खोलण्याआधी प्लगच्या खोबणीतली धूळ हवेने उडवा, नाहीतर खडा सरळ सिलिंडरमध्ये. नवा प्लग आधी हाताने फिरवत बसवायचा, पान्याने नाही. हाताने पूर्ण बसल्यावर पाना लावायचा आणि डब्यावर लिहिलं असेल तेवढाच आवळायचा. वॉशर असलेल्या १४ मिलिमीटरच्या नव्या प्लगला साधारण अर्धा ते पाऊण फेरा पुरतो. जोर दाखवायची ही जागा नव्हे. कॉईलचं रबर तडकलं असेल किंवा खोबणीत ऑइल साचलं असेल तर तेही त्याच वेळी बघून घ्या. पावसाळ्यात बॉनेटखाली उंदीर वायर कुरतडतात, मिसिंग तिथूनही येतं.

सगळे प्लग एकदम बदलावेत, एकच बदलून काही होत नाही. नंबर पुस्तकातलाच घ्यावा. दुसऱ्या कंपनीचा घेताना त्यांच्या तक्त्यातून मिळता नंबर काढून घ्यावा, अंदाजाने नको: एनजीकेमध्ये आकडा वाढला की प्लग थंड, बॉशमध्ये बरोबर उलटं. इरिडियमला पॉलिश पेपर किंवा तारेचा ब्रश लावायचा नाही, बारीक टोक तुटतं. मोटारसायकलच्या सवयीने बरेच जण इथे फसतात.

साधा प्लग शंभर-दोनशेच्या घरात मिळतो. मात्र ओळखीच्या दुकानातून बिल करून घ्या, कारण नकली प्लग अगदी तशाच डब्यात येतात. बदलल्याची तारीख आणि मीटरचा आकडा पुस्तकाच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. मी बॉनेटच्या आतल्या बाजूला खडूने लिहायचो, पहिल्याच धुण्यात गेलं.