‘साधी गाठ आहे’

मंडळाच्या स्मरणिकेत यंदा मीही काही लिहावे असा अध्यक्षाबाईंचा आग्रह झाला. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, लेखनाचा सराव मुळीच नाही. तरी हा विषय काही वर्षे मनात घर करून आहे, म्हणून धीर केला. भगिनींनी गोड मानून घ्यावे.

आपल्या कामोठ्यात गावाकडचे कुणी ना कुणी ‘टाटाला दाखवायला’ म्हणून पुष्कळ घरी उतरते. खारघरचे केंद्र शेजारीच, आणि परळही लोकलने गाठता येते. पाहुण्याचे जेवणखाण, पथ्यपाणी आपण बायका मनापासून करतो. अडते ते बोलण्यापाशी. 2016 साली माझ्या थोरल्या जाऊबाई सातारा जिल्ह्यातून उपचारांसाठी आमच्याकडे राहिल्या. एका दवाखान्यात डॉक्टरांनी घरच्या पुरुषांना बाजूला बोलावून रोगाचे नाव सांगितले. बाहेर येऊन सर्वांनी ठरविले की, ‘साधी गाठ आहे’ एवढेच बोलायचे. मीही त्यात सामील होते.

ही लपवालपवी आपल्याकडे कोठून आली, याचा पुढे मी वाचनालयातून शोध घेतला. चरकसंहितेच्या विमानस्थानात गुरू नव्या शिष्याला उपदेश करतात. त्यात एक असा की, रोग्याचे आयुष्य थोडे उरले हे कळले, तरी जेथे ते सांगण्याने रोग्याला वा दुसऱ्या कुणाला अपाय होईल, तेथे सांगू नये. मला वाटते, आपण त्यातले ‘सांगू नये’ तेवढे उचलले आणि ‘जेथे अपाय होईल तेथे’ हे सोडून दिले. खोटे सांगावे असे तर तेथे म्हटलेलेच नाही.

साहेबांच्या देशात सारे उघड बोलतात अशी माझी समजूत होती, तीही खरी निघाली नाही. अमेरिकेतील शिकागो शहरी 1961 साली 219 डॉक्टरांना विचारले, तेव्हा शंभरांतील नव्वदांचा कल रोग्याला कॅन्सर आहे असे न सांगण्याकडे होता. अठरा वर्षांनी, 1979 साली, तसाच प्रश्न अमेरिकेतील डॉक्टरांना पुन्हा विचारला. तेव्हा शंभरांतील सत्त्याण्णव जण सांगू म्हणाले. मधल्या काळात औषधे सुधारली होती, आणि रोग्याचा हक्क म्हणून काही असतो हेही लोकांना पटू लागले होते. त्याच शिकागोत एलिझाबेथ कुब्लर-रॉस या डॉक्टरीणबाई मरणाच्या वाटेवरील रोग्यांच्या खाटेशी बसून त्यांचे ऐकत होत्या. त्यावर 1969 साली त्यांचे पुस्तक आले. रोग्याविषयी बोलणारे पुष्कळ होते, रोग्याशी बोलणारे थोडे.

आपल्या मुंबईची कथाही सांगण्यासारखी आहे. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई 1931 साली रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. पुढल्याच वर्षी दोराबजीही वारले. त्यांच्या विश्वस्त निधीतून 28 फेब्रुवारी 1941 रोजी परळचे टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले. त्याच निधीतून 1936 साली समाजकार्य शिकविणारी शाळा मुंबईत निघाली होती. रुग्णालयात रोग्याशी आणि घरच्यांशी बोलण्यासाठी वेगळे शिकलेले माणूस हवे, हा विचार येथे रुजला, आणि 1946 साली जे. जे. रुग्णालयात असे पहिले पद निघाले. उपचार संपले तरी माणूस संपत नाही, म्हणून 1986 साली वांद्र्याला शांती आवेदना सदन उघडले. देशातले ते पहिलेच.

सिनेमाने मात्र डॉक्टरांच्या आधी बाजी मारली म्हणायची! 1971 सालच्या ‘आनंद’मधला रोगी सारे जाणून असतो आणि हसतो. तो पाहून आपण डोळे पुसतो, आणि घरी येऊन ‘साधी गाठ’ म्हणतो.

2002 साली आपल्या देशात डॉक्टरांच्या वर्तनाचे नियम झाले. रोगाचे गांभीर्य वाढवून सांगू नये, कमी करूनही सांगू नये, असे त्यात आहे. पण माहिती कुणाला द्यावी, तर रोग्याला, नातेवाइकांना किंवा जबाबदार स्नेह्यांना. या ‘किंवा’तूनच घरचे पुरुष आत जातात आणि रोगी बाहेरच्या बाकावर बसून राहतो.

वाईट बातमी कशी सांगावी, याच्या सहा पायऱ्या परदेशी डॉक्टरांनी 2000 साली छापल्या. एकांत पाहून शेजारी बसावे. तुम्हाला काय ठाऊक आहे ते आधी विचारावे. किती जाणून घ्यायचे आहे तेही विचारावे. मग सोप्या शब्दांत, थोडे थोडे सांगावे. रडू आले तर रडू द्यावे. आणि पुढे काय करायचे ते मिळून ठरवावे. यातली तिसरी पायरी मला सर्वांत मोलाची वाटते. काहींना खरोखरच जाणून घ्यायचे नसते, आणि तोही त्यांचाच निर्णय.

जाऊबाईंना कुणी विचारलेच नाही. एका रात्री भांडी आवरताना त्यांनी मला विचारले, “खरं सांग गं, काय झालंय मला?” मी म्हणाले, “काही नाही हो ताई, साधी गाठ.” त्या गप्प झाल्या. पुढे कळले की, बाकावर शेजारी बसणाऱ्या बायकांकडून त्यांना पहिल्या आठवड्यातच सर्व समजले होते. मी घाबरेन म्हणून त्या बोलत नव्हत्या, आणि त्या घाबरतील म्हणून मी. त्यांना चैत्रात माहेरच्या जत्रेला जायचे होते. “पुढच्या वर्षी जाऊ,” असे आम्ही सर्वांनी हसून सांगितले. पुढचा चैत्र त्यांनी पाहिला नाही.

2021 साली धाकट्या नणंदेला तोच रोग निघाला. या वेळी मी दिरांना म्हटले, तिला आत घेऊन चला. डॉक्टरीणबाईंनी खुर्ची जवळ ओढून सारे सांगितले. नणंद रडली, मग तिने पदराने तोंड पुसले आणि तीन गोष्टी विचारल्या: किती दिवस लागतील, खर्च किती, आणि केस परत येतात का. घरी येताना रिक्षात ती म्हणाली, “वहिनी, आज माहेरी फोन मीच करते.”