वार्प म्हणजे नेमकं काय? एमआयडीसीतल्या ताण्यापासून फोनमधल्या जीपीयूपर्यंत

मागच्या पावसाळ्यात माझ्या मावसभावाचा फोन आला. तो पालघरला राहतो, बारावीनंतर काम शोधत होता. व्हॉट्सअ‍ॅपच्या एका ग्रुपवर त्याला जाहिरात दिसली होती: तारापूर एमआयडीसीत वार्पिंग ऑपरेटर पाहिजेत, शिकाऊ चालतील. त्याने फोनवर ‘वार्प’ शोधलं. आधी आलं इंटरनेट सुरक्षित करणारं अ‍ॅप, मग अंतराळयान, मग फोटो वाकवायचा व्हिडिओ. ‘दादा, हे कॉम्प्युटरचं काम आहे ना? मला जमणार नाही,’ असं म्हणून तो जाहिरात सोडून द्यायच्या बेतात होता.

काम कापडाचं होतं. कॉम्प्युटरशी थेट संबंध नव्हता, पण लांबचा नक्की होता. तो कसा, हे त्याला समजावताना लक्षात आलं की या एका शब्दाचे अर्थ एका जागी मराठीत मिळतच नाहीत. म्हणून हा लेख.

उच्चाराचं आधी सांगतो. इंग्रजी उच्चार ‘वॉर्प’च्या जवळचा आहे, पण आपल्याकडे कारखान्यात सगळे ‘वार्प’ आणि ‘वार्पिंग’च म्हणतात. इथेही तेच वापरलंय.

मूळ अर्थ: फेकणे

डिक्शनरीत वार्पचा अर्थ वाकणं, पिळवटणं, आकार बिघडणं असा दिसतो. पण शब्दाचं मूळ वेगळं आहे. जुन्या इंग्रजीतल्या ज्या क्रियापदापासून तो आला, त्याचा अर्थ होता फेकणे. जर्मन भाषेत आजही फेकणे म्हणजे ‘वेर्फेन’. मागावर जे उभे धागे टाकले जातात, त्यांना यावरूनच वार्प नाव पडलं. वाकण्याचा अर्थ नंतर आला. वस्तू आपल्या सरळ रेषेतून बाहेर ‘फेकली’ गेली, म्हणजे वाकली, अशी ती वाट मानली जाते.

म्हणजे वार्पचे दोन मोठे गट झाले: एक धाग्याचा, दुसरा वाकण्याचा. पुढचे बहुतेक अर्थ या दोनपैकी एकात बसतात.

कापडातला वार्प: ताणा

तारापूर एमआयडीसी म्हटलं की बाहेरच्यांना केमिकल कंपन्या आठवतात, नाहीतर १९६९ साली सुरू झालेलं अणुवीज केंद्र. पण बोईसर स्टेशनला उतरून शिफ्टला जाणाऱ्यांत कापड कारखान्यांतले कामगारही भरपूर असतात.

कापडात दोन दिशांचे धागे असतात. लांबीच्या दिशेचे उभे धागे म्हणजे ताणा, इंग्रजीत वार्प. रुंदीच्या दिशेचे आडवे धागे म्हणजे बाणा, इंग्रजीत वेफ्ट. ताण्याचे धागे मागावर आधीच ताणून बसवलेले असतात. त्यातले काही वर उचलले जातात, काही खाली राहतात, आणि मधल्या फटीतून बाण्याचा धागा जातो. मग वरचे खाली, खालचे वर, आणि पुन्हा बाणा. कापड असं विणलं जातं.

आता आकडा बघा. दर सेंटिमीटरला ताण्याचे ३० धागे आणि कापडाची रुंदी १५० सेंटिमीटर असेल, तर ३० × १५० म्हणजे ४,५०० धागे एकाच वेळी, एकाच ताणात, शेजारी शेजारी हवेत. हे काम वार्पिंग मशीन करतं. एका मोठ्या स्टँडवर, ज्याला क्रील म्हणतात, धाग्याचे शेकडो कोन लावलेले असतात. त्यावरून धागे ओढून एका मोठ्या रुळावर, म्हणजे बीमवर, समांतर गुंडाळले जातात. क्रीलवर समजा ५०० कोन बसत असतील, तर असे ९ बीम भरायचे. पुढे सायझिंगमध्ये त्या ९ बीमचे धागे एकत्र येतात आणि त्यांना खळ लागते. मागावर घासून ते तुटू नयेत म्हणून हा लेप. त्यानंतर एकेक धागा फणीतून ओवायचा. इचलकरंजीकडे या कामाला वहिफणी म्हणतात.

वार्पिंग ऑपरेटरचं काम म्हणजे कोन लावणं, धाग्यांचा ताण सारखा ठेवणं आणि तुटलेला धागा पटकन शोधून जोडणं. एक धागा तुटला की सेन्सर मशीन थांबवतो, कारण तो न जोडता पुढे गेलात तर कापडात लांबच्या लांब रेघ पडते. चूक इथे होते आणि दिसते पार विणकामानंतर. म्हणून हे काम साधं वाटलं तरी जबाबदारीचं आहे.

जीपीयूमधला वार्प: ३२ धाग्यांचा गट

आता कॉम्प्युटरचा लांबचा संबंध. प्रोग्रॅमचं एक स्वतंत्र चालणारं काम म्हणजे ‘थ्रेड’, सरळ अर्थ धागा. ग्राफिक्स चिप, म्हणजे जीपीयू, असे हजारो धागे एकत्र चालवते. एनव्हिडियाच्या जीपीयूमध्ये ३२ थ्रेडच्या गटाला वार्प म्हणतात. हे नाव विणकामावरूनच घेतलंय आणि एनव्हिडियाच्या प्रोग्रॅमिंग गाइडमध्ये तसं नोंदवलेलंही आहे. एका वार्पमधले सगळे थ्रेड एका वेळी एकच सूचना पाळतात, फक्त प्रत्येकाचा डेटा वेगळा असतो. स्क्रीनवरच्या ३२ पिक्सेलचा रंग काढायचा असेल, तर गणित एकच, पिक्सेल वेगळे.

तुमच्या फोनमध्येही हे आहे. मीडियाटेक प्रोसेसरच्या बऱ्याच फोनमध्ये आर्म कंपनीचा माली जीपीयू असतो. आर्मही वार्प हाच शब्द वापरते. २०१९ मध्ये आलेल्या माली जी७७ मध्ये एका वार्पमध्ये १६ थ्रेड असतात.

यातली गंमत प्रोग्रॅम लिहिताना कळते. ३२ थ्रेडपैकी १६ जणांना ‘जर’वाली वाट घ्यायची असेल आणि १६ जणांना ‘नाहीतर’वाली, तर वार्प दोन्ही वाटा एकामागून एक चालतो. पहिले १६ काम करतात तेव्हा उरलेले १६ नुसते थांबतात. वेळ वाया. मावसभावाला हे सांगितलं तर म्हणाला, ‘म्हणजे तुमच्याकडेपण एकामुळे सगळी लाइन उभी राहते!’ अगदी तसंच.

वाकण्यातला वार्प: फळी आणि प्लॅस्टिक

आता दुसरा गट. समुद्राकाठच्या दमट हवेत लाकडी फळीला बाक येतो किंवा पीळ पडतो, त्याला इंग्रजीत वार्प होणं म्हणतात. लाकूड ओलावा शोषतं, पण सगळीकडून सारखं नाही. एक बाजू जास्त फुगली की फळी दुसऱ्या बाजूला वाकते. पावसाळ्यात दार नुसतं चौकटीत अडकलं तर ते बहुतेक फुगलेलं असतं. कोपरा पुढे आला असेल तर मात्र तो वार्प.

प्लॅस्टिकमध्ये हाच प्रकार थंड होताना होतो. साच्यातला भाग एका बाजूने लवकर आणि दुसऱ्या बाजूने उशिरा थंड झाला, तर दोन्हीकडचं आकुंचन वेगळं होतं आणि डबा किंवा झाकण वेडंवाकडं निघतं. कॉलेजात थ्रीडी प्रिंटर वापरला असेल, तर प्रिंटचे कोपरे तळापासून उचललेले पाहिले असतील. तेही हेच. एबीएस प्लॅस्टिकला हा त्रास जास्त होतो, म्हणून त्यासाठी तळ साधारण १०० अंश सेल्सिअसपर्यंत गरम ठेवतात. पीएलएला ६० अंशांच्या आसपास पुरतं.

फोटोतला वार्प

फोटो एडिटिंग अ‍ॅपमध्ये वार्प टूल म्हणजे फोटोवर जाळी टाकून ती हवी तशी ओढणं. जाळी वाकली की फोटोही वाकतो. चेहरा बारीक करणारे फिल्टर हेच करतात, फक्त जाळी चेहऱ्यावर आपोआप बसते.

तुम्ही वार्प रोज वापरता तो मात्र कागद स्कॅन करताना. दाखल्याचा फोटो तिरका काढला तरी अ‍ॅप तो सरळ आयत करून देतं. त्यासाठी अ‍ॅप कागदाचे चार कोपरे शोधतं आणि ते आयताच्या चार कोपऱ्यांवर नेऊन बसवतं. या रूपांतराला ८ संख्या लागतात. प्रत्येक कोपऱ्याकडून दोन समीकरणं मिळतात, म्हणून चार कोपरे बरोबर पुरतात. त्यावरून प्रत्येक पिक्सेलची नवी जागा ठरते.

दोन गोष्टी उपयोगाच्या. एक, वार्प आकार सरळ करतो, हरवलेला तपशील परत आणत नाही. फार तिरका फोटो काढला तर लांबची अक्षरं पुसटच राहणार, म्हणून फॉर्म भरताना कागदाच्या बरोबर वरून फोटो काढा. दोन, कोणाचा फोटो ओढून-ताणून बदललाय अशी शंका असेल तर माणसाकडे बघू नका, मागे बघा. लादीची रेघ किंवा दाराची चौकट कमरेजवळ किंवा दंडाजवळ वाकलेली दिसली, तर तिथे वार्प वापरला असण्याची शक्यता मोठी.

अवकाश आणि वेळेतला वार्प

आइनस्टाइनच्या १९१५ च्या सिद्धांतानुसार वस्तुमानामुळे अवकाश आणि काळ दोन्ही वाकतात. हे फक्त पुस्तकातलं नाही. जीपीएसचे उपग्रह साधारण २०,२०० किलोमीटर उंचीवर असतात. तिथे गुरुत्वाकर्षण कमी, त्यामुळे घड्याळ पुढे पळतं. उपग्रहाच्या वेगामुळे ते थोडं मागेही पडतं. दोन्ही मिळून रोज सुमारे ३८ मायक्रोसेकंदांचा फरक पडतो. तो आधीच दुरुस्त केलेला असतो. केला नसता तर मॅपमधली चूक दिवसाला जवळपास १० किलोमीटरने वाढली असती. बोईसरला उभे आहात आणि फोन तुम्हाला पालघरच्या आसपास दाखवतोय, अशी गत झाली असती.

१९६६ च्या ‘स्टार ट्रेक’ मालिकेतल्या यानाचं ‘वार्प ड्राइव्ह’ याच कल्पनेशी जोडलेलं आहे: यानाभोवतीचं अवकाशच वाकवायचं आणि प्रकाशापेक्षा लवकर पोचायचं. १९९४ मध्ये मेक्सिकन भौतिकशास्त्रज्ञ मिगेल अल्कुबियेरे यांनी त्याचं खरं गणित मांडलं. पण त्यासाठी ऋण ऊर्जा लागते आणि तीही प्रचंड. त्यामुळे असं यान अजून कागदावरच आहे.

वार्प नावाची सॉफ्टवेअर

अंतराळातल्या या वेगामुळे ‘वार्प’ म्हणजे सुसाट असा अर्थ रूढ झाला आणि कंपन्यांनी तो उचलला. आयबीएमने १९९४ मध्ये आपल्या ओएस/२ या ऑपरेटिंग सिस्टिमच्या नावात वार्प घातलं. डेव्हलपर लोक वापरतात असं वार्प नावाचं एक टर्मिनलही आहे.

आणि एक आहे क्लाउडफ्लेअरचं वार्प. २०१९ मध्ये ते १.१.१.१ या अ‍ॅपमध्ये आलं. ते तुमच्या फोनपासून क्लाउडफ्लेअरच्या नेटवर्कपर्यंतचा डेटा एन्क्रिप्ट करतं. सार्वजनिक वायफायवर याचा उपयोग आहे. पण डहाणू लोकलमध्ये नेटवर्कच गेलं असेल तर नाव वार्प असलं तरी नेट वेगवान होणार नाही. दुसऱ्या देशात बसल्याचं भासवणं हाही त्याचा उद्देश नाही.

इथे खरी सावधगिरी हवी. जानेवारी २०२५ मध्ये सरकारी आदेशानंतर भारतातल्या अ‍ॅप स्टोअर आणि प्ले स्टोअरवरून हे अ‍ॅप काढलं गेल्याच्या बातम्या आल्या. अशा वेळी लोक टेलिग्रामवरून किंवा कुठल्याशा साइटवरून एपीके फाइल उतरवतात. व्हीपीएन प्रकारच्या अ‍ॅपमधून फोनचा सगळा इंटरनेट डेटा जातो. ते बनावट असेल तर सगळ्या घराची चावी चोराच्या हातात. स्टोअरवर मिळत नसेल तर सोडून द्या. वार्प वाचून कोणाचं काही अडत नाही.

कोणता वार्प ते कसं ओळखायचं?

शेजारचा शब्द बघा:

- बीम, क्रील, सायझिंग, ऑपरेटर: कापडाचा ताणा
- थ्रेड, जीपीयू, कुडा: ग्राफिक्स चिपमधला गट
- मोल्डिंग, प्रिंट, फळी: वाकलेली वस्तू
- इमेज, मेश, पर्स्पेक्टिव्ह: फोटो ओढणं
- ड्राइव्ह, स्पीड: अंतराळ किंवा नुसतं ‘सुसाट’
- १.१.१.१, व्हीपीएन, डीएनएस: क्लाउडफ्लेअरचं अ‍ॅप

शोधतानाही हेच करा. नुसतं ‘वार्प’ टाकलं तर सर्च इंजिन जगात जास्त शोधला जाणारा अर्थ देतं. तुमच्या गावातला अर्थ त्यात मागे पडतो. ‘वार्पिंग मशीन’ किंवा ‘वार्पिंग बीम’ टाकलं की कापडाचे व्हिडिओ लगेच वर येतात.

मावसभावाने तेच केलं. दोन रात्री व्हिडिओ बघितले आणि मुलाखतीला गेला. तिथे त्याला विचारलं, धागा तुटला तर काय करशील? त्याला उत्तर येत होतं. आता तो क्रीलवर आहे, सध्या रात्रपाळी.