आचार्य धर्मानंद कोसंबी : एक विद्यायात्रा

गोमंतकातील साखवाळ येथे ९ ऑक्टोबर १८७६ रोजी जन्मलेल्या धर्मानंद कोसंबी यांचे शालेय शिक्षण बेताचेच. विश्वविद्यालयाची पदवी तर नव्हतीच. बौद्ध धर्माच्या जिज्ञासेने १८९९ साली त्यांनी घर सोडले. या विद्यायात्रेचे मोल मागे राहिलेल्या पत्नी बाळाबाई व तान्ही कन्या यांनीही मोजले. पुणे व काशी येथे संस्कृत आणि सिंहलद्वीपात पाली शिकून ते कलकत्ता विश्वविद्यालयात पालीचे अध्यापक झाले. परंतु आपल्या विद्येचा लाभ महाराष्ट्राला व्हावा, म्हणून तेथील अधिक वेतन सोडून त्यांनी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांचे मासिक ५० रुपये पत्करले.

१९१० साली ते ‘विसुद्धिमग्ग’ ग्रंथाच्या संपादनार्थ अमेरिकेतील हार्वर्ड विश्वविद्यालयात गेले. परतल्यावर १९१२ ते १९१८ पर्यंत पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी पाली शिकविली, पु. वि. बापट यांच्यासारखे विद्वान तेथेच घडले. पुढे लेनिनग्राद व गुजरात विद्यापीठ येथेही त्यांनी कार्य केले.

४ जून १९४७ रोजी सेवाग्राम येथे त्यांनी देह ठेवला. हार्वर्डचा ‘विसुद्धिमग्ग’ १९५० साली प्रकाशित झाला. मुद्रित ग्रंथ पाहण्याचे भाग्य आचार्यांना लाभले नाही. शिष्यांच्या रूपाने त्यांची विद्या मात्र मराठी मुलखात केव्हाच रुजली होती.