मॉडेलचं मूळ गाव

अ‍ॅप लिहिताना 'मॉडेल' हा शब्द आपण दिवसातून पन्नासदा वापरतो. त्याची मुळं शोधत गेलो तर थेट नॉर्वेत पोचलो.

ऑस्लोमध्ये डाल आणि न्यूगोर या जोडीने सिम्युला ६७ ही भाषा घडवली. काम होतं सिम्युलेशनचं, म्हणजे खऱ्या जगाची प्रतिकृती उभी करायचं. क्लास आणि ऑब्जेक्ट तिथूनच आले. पुढे १९७९ मध्ये नॉर्वेच्याच ट्रिग्वे रीन्सकाउग यांनी झेरॉक्स पार्कमध्ये, स्मॉलटॉकवर काम करताना, मॉडेल-व्ह्यू-कंट्रोलर ही वाटणी मांडली. मुद्दा साधा: माणसाच्या डोक्यात जे चित्र असतं, तेच मॉडेलमध्ये असावं. स्क्रीनने ते फक्त दाखवावं.

स्मॉलटॉकचे संस्कार ऑब्जेक्टिव्ह-सीवर झाले. ती नेक्स्टमार्गे अ‍ॅपलकडे गेली आणि २००८ मध्ये आयफोनच्या एसडीकेतून बाहेरच्या प्रोग्रामरांच्या हाती आली. गंमत बघा, या भाषेत 'निल'ला आकड्यातली शिल्लक विचारली तर उत्तर येतं शून्य! म्हणजे 'पैसे नाहीत' आणि 'माहीत नाही' यात फरकच उरत नाही. २०१४ मध्ये आलेल्या स्विफ्टने ऑप्शनल आणले, आणि 'किंमत नसेल तर काय?' हे कंपाइलरच विचारू लागला.

म्हणून माझं मत असं, की मॉडेल म्हणजे सर्व्हरच्या जेसनची नक्कल नव्हे. सर्व्हरने शिल्लक पाठवलीच नाही तर काय समजायचं, हे मॉडेलमध्येच ठरायला हवं. नाहीतर पगाराच्या दिवशी कुणीतरी स्क्रीनवर शून्य बघून हादरेल, आणि आपण म्हणत बसू, "कोड तर बरोबर चालतोय!"