संगणकातील तात्पुरत्या फायली : एका बेवारस जबाबदारीचा इतिहास

‘तात्पुरता’ हा शब्द मराठी व्यवहारात दोन अर्थांनी वावरतो. कचेरीतील तात्पुरती नेमणूक म्हणजे जिची मुदत नेमणुकीच्या आदेशातच लिहिलेली असते ती; आणि गळक्या छपरावर टाकलेला तात्पुरता पत्रा म्हणजे जो काढावयाचा याबद्दल सर्वांचे एकमत असते, पण कोणी काढावयाचा हे कधीच ठरलेले नसते तो. संगणकाच्या इतिहासात ‘तात्पुरती फाइल’ ही संज्ञा पहिल्या अर्थाने जन्मास आली व दुसऱ्या अर्थाने रूढ झाली. हे अर्थांतर कसे घडले आणि त्यापायी संगणकांच्या डिस्का उरल्यासुरल्या फायलींनी का भरू लागल्या, याचा मागोवा घेतला असता प्रश्न केवळ यंत्रातील दोषाचा नाही असे दिसून येते. फाइल कोणाची, हे कोठे नोंदलेले असते, हाच त्यातील मूळ प्रश्न होय.

प्रारंभी तात्पुरत्या फाइलीचे प्रयोजन समजून घेणे अवश्य आहे. प्रोग्रॅम ज्या स्मृतीत चालतो ती मर्यादित असते. १९७० च्या सुमारास तर ती अत्यंतच अल्प होती. हाताळावयाचा मजकूर त्या स्मृतीत मावेनासा झाला म्हणजे त्याचा काही भाग डिस्कवर उतरवून ठेवावा व गरज पडेल तसा परत उचलावा, हाच एक मार्ग होता. अशी उतरवून ठेवलेली फाइल हे कामाचे फलित नव्हे. स्वयंपाकात जे स्थान मधल्या परातींचे व पातेल्यांचे, तेच तिचे. पंगत उठल्यावर खरकटे काढणे हा जसा जेवणावळीचाच भाग, तसा फाइल पुसून टाकणे हा प्रोग्रॅमच्या कामाचाच भाग होय, असे त्या वेळी गृहीत धरलेले होते.

बेल प्रयोगशाळेत केन टॉम्प्सन व डेनिस रिची यांनी १९६९ पासून घडविलेल्या युनिक्स या कार्यप्रणालीत अशा फायलींसाठी एक स्वतंत्र कप्पा होता. त्याचे नाव ‘टीएमपी’, म्हणजे ‘टेम्पररी’ या इंग्रजी शब्दाचे संक्षिप्त रूप. १९७९ च्या सातव्या आवृत्तीच्या माहितीपुस्तिकेत या कप्प्यातील फायलींची जी नोंद आहे ती भाषेच्या अभ्यासकास विशेष उद्बोधक वाटेल. ‘ई’ या अक्षराने आरंभ होणारी फाइल ‘ईडी’ या संपादन-प्रोग्रॅमची, ‘सीटीएम’ या अक्षरांनी आरंभ होणारी ‘सीसी’ या कंपायलरची, असे तेथे सांगितले आहे. अर्थात् आद्याक्षर हीच मालकीची खूण होती. आद्याक्षरापुढे बहुधा चालू प्रक्रियेचा क्रमांक जोडला जाई. म्हणजे कोणत्या प्रोग्रॅमची कोणती फेरी, हेही नावावरून कळत असे. प्रयोगशाळेतील मंडळी एकमेकांस ओळखत होती, प्रोग्रॅम मोजके होते, आणि राहिलेले खरकटे कोणाचे हे कप्प्यात डोकावताच समजत असे.

तथापि ही व्यवस्था एका गृहीतावर उभी होती. प्रोग्रॅम आपल्या अंतापर्यंत सुखरूप पोहोचेल, हे ते गृहीत होय. पुसण्याची आज्ञा प्रोग्रॅमच्या शेवटी लिहिलेली असते, आणि जो प्रोग्रॅम मध्येच कोसळला तो शेवटी पोहोचतच नाही. युनिक्सच्या कर्त्यांस याची जाणीव नव्हती असे नाही. त्यांच्या प्रणालीत उघडलेल्या फाइलीचे नाव आधीच पुसून टाकता येई. नाव गेले तरी ती फाइल वापरणारा प्रोग्रॅम जिवंत असेपर्यंत मजकूर टिके, आणि प्रोग्रॅम कोणत्याही रीतीने मेला तरी जागा आपोआप मोकळी होई. ही युक्ती फार सुंदर आहे. परंतु फाइल नावानिशी दुसऱ्या प्रोग्रॅमच्या हाती द्यावयाची असेल तेथे ती चालत नाही. एका प्रोग्रॅमचे फलित दुसऱ्यास पुरविण्याची अडचण वेगळ्या वाटेने सुटली. डग्लस मॅकिलरॉय यांनी १९६४ मध्येच बागेतील पाण्याच्या नळीची उपमा देऊन प्रोग्रॅम एकमेकांस जोडण्याची कल्पना मांडली होती. १९७३ च्या तिसऱ्या आवृत्तीच्या पुस्तिकेत ती ‘पाइप’ या रूपाने अवतरली. मधली फाइल त्यामुळे अनावश्यक ठरली. खरकटे नीट काढण्यापेक्षा ते पडूच न देणे बरे, असा हा विचार होता.

या विचाराचे पुढे जे झाले त्यास इतिहासाची थट्टाच म्हणावयास हवे. मायक्रोसॉफ्टच्या डॉस या प्रणालीच्या दुसऱ्या आवृत्तीने १९८३ मध्ये युनिक्सकडून पाइप उचलला. परंतु डॉसमध्ये एका वेळी एकच प्रोग्रॅम चालू शके. तेव्हा पहिल्या प्रोग्रॅमचे सर्व फलित एका तात्पुरत्या फाइलीत लिहावयाचे, तो संपला की दुसरा सुरू करून त्यास ती फाइल वाचावयास द्यावयाची, अशी तोड काढण्यात आली. ज्या साधनाने मधली फाइल नाहीशी झाली होती तेच साधन आता मधल्या फाइलीवर चालू लागले. काम अर्धवट असता वीज गेली किंवा कोणी बटण दाबले, तर ती फाइल तेथेच राही. शिवाय युनिक्सच्या सामायिक यंत्रावर देखरेखीस कोणी तरी नेमलेला असे, आणि कित्येक ठिकाणी यंत्र सुरू होतानाच तो कप्पा साफ करण्याची प्रथा होती. घरगुती संगणकावर मालक, वापरणारा व झाडूवाला हे सर्व एकच. त्यास आपण झाडूवालाही आहो हे कोणी सांगितलेले नव्हते.

विंडोजच्या काळात हा गोंधळ प्रोग्रॅम-लेखकांसाठीच्या भाषेत शिरला. तात्पुरती फाइल मागण्यासाठी विंडोजने जी आज्ञा दिली तिच्यात लेखकाने तीन अक्षरांपर्यंतचा उपसर्ग द्यावयाचा व प्रणालीने त्यास चार षोडशमान अंकांची संख्या जोडावयाची, असा संकेत आहे. चार अंकांत शून्य वगळता ६५,५३५ नावे बसतात. फाइल पुसण्याची जबाबदारी मागणाऱ्याची आहे, असे अधिकृत माहितीत स्पष्ट नमूद आहे. पण आज्ञेच्या नावात तसे काही नाही. उसनी परत करावयाची वस्तू आणि बक्षीस मिळालेली वस्तू यांत नावावरून फरक कळू नये, तसा हा प्रकार होय. ज्या सर्व्हरवर एखादा निष्काळजी प्रोग्रॅम दिवसरात्र अशा फायली मागत राही, तेथे प्रथम नवे नाव शोधण्यास वेळ लागू लागे, व शेवटी नावेच संपत. डिस्कवर जागा भरपूर असे, प्रोग्रॅममात्र अडून बसे. याहून मौजेची गोष्ट म्हणजे विंडोजमध्ये फाइलीस लावता येणारा ‘टेम्पररी’ नावाचा एक गुणधर्मच आहे. तो लावल्याने फाइल पुसली जाईल असा कोणाचाही समज होईल. वस्तुतः त्याचा अर्थ एवढाच, की शक्य तोवर ही फाइल स्मृतीतच ठेवावी, डिस्कवर लिहिण्याची घाई करू नये. बंद होताच फाइल पुसावी हे सांगण्यासाठी दुसरी, निराळ्या नावाची खूण आहे.

१९९८ च्या विंडोजबरोबर ‘डिस्क क्लीनअप’ हे सफाईचे साधन आले. फाइल कोणाची हे त्यास कळण्याचा मार्ग नव्हता. म्हणून आठवड्याहून अधिक काळ जिला कोणी स्पर्श केला नाही ती बेवारस समजावी, असा ठोकताळा त्याने स्वीकारला. सात वर्षे ज्याची वार्ता नाही तो मृत असे गृहीत धरण्याचा १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्यातील नियम याच जातीचा होता. पुराव्याच्या अभावाची भरपाई मुदतीने करावयाची, हे दोहोंतील साम्य.

मालकीची खूण उलटी कशी बाधते याचे उत्तम उदाहरण म्हणजे एसक्यूलाइटचे. डी. रिचर्ड हिप यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेला हा विदागार-प्रोग्रॅम इतर प्रोग्रॅमांच्या पोटात बसून काम करतो व कोणासही विनामूल्य वापरता येतो. त्याच्या तात्पुरत्या फायलींची नावे ‘एसक्यूलाइट’ या अक्षरांनी सुरू होत. युनिक्सच्या जुन्या रीतीस धरून हे योग्यच होते. पुढे मॅकॅफी या विषाणुरोधक सॉफ्टवेअरने त्याचा उपयोग केला, आणि असंख्य लोकांच्या विंडोज संगणकांतील तात्पुरत्या कप्प्यात त्या नावाच्या फायली दिसू लागल्या. त्रासलेल्या लोकांनी नावाचा शोध घेतला, शोधात कर्त्यांचे दूरध्वनी क्रमांक हाती लागले, आणि मध्यरात्री दूरध्वनी करून तक्रारी सुरू झाल्या. भांड्यावर तांबटाचे नाव कोरलेले, म्हणून उष्ट्या भांड्यांबद्दल तांबटासच झोपेतून उठवावे, अशी ही गत. ऑक्टोबर २००६ मध्ये कर्त्यांनी उपाय केला तो असा, की उपसर्गाची रोमन अक्षरे उलट्या क्रमाने लिहावयाची. ‘एटिल्क्स’ असे काहीसे उच्चारता येणारे ते रूप अद्याप प्रचारात आहे. ज्यास हे कोडे उलगडेल त्यास कर्त्याकडे तक्रार करून फाइल जाणार नाही इतकी समज असेलच, हा त्यामागील तर्क मूळ संहितेतील टिपणात नोंदलेला आहे. ओळख राखावयाची, पण ती जाणकारांपुरतीच, असा हा सांकेतिक भाषेचा व्यवहार झाला. फायली मात्र पूर्ववतच निर्माण होत राहिल्या, हे विसरता कामा नये.

दोष केवळ विसराळूपणातच असतो असेही नाही. विंडोज ७ च्या काळात प्रणालीच्या दुरुस्त्यांची नोंदवही फुगू लागली म्हणजे ती संक्षिप्त करून ठेवण्याची योजना होती. संक्षेप करणाऱ्या साधनास दोन गिगाबाइटांहून मोठी फाइल झेपत नसे. नोंदवहीने ही मर्यादा एकदा ओलांडली की संक्षेप अर्धवट राही, अर्धवट फाइल तात्पुरत्या कप्प्यात पडून राही, आणि काही काळाने हाच प्रयत्न नव्याने होई. जागा वाचविण्यासाठी ठेवलेला नोकरच अशा रीतीने घर भरून टाकी.

या सर्व कथांत नुकसान झाले ते वेळेचे व स्वास्थ्याचे. परंतु जानेवारी २००४ मध्ये याच जातीच्या साठवणीने मंगळावरील एक यान जवळजवळ गमावण्याची पाळी आणली. नासाचे ‘स्पिरिट’ हे यान जून २००३ मध्ये निघून ४ जानेवारी २००४ रोजी मंगळावरील गुसेव्ह विवरात उतरले. त्याच्या २५६ मेगाबाइटांच्या फ्लॅश स्मृतीत सात महिन्यांच्या प्रवासातील फायली तशाच होत्या. त्यांत मंगळावरील कामाच्या फायलींची रोज भर पडत होती. त्यांस कोणी ‘तात्पुरत्या’ असे नाव दिले नव्हते. पण प्रवास संपताच प्रवासाच्या फायलींचे प्रयोजन संपले होते, आणि इतर फायलींचेही पृथ्वीवर पोहोचताच संपणार होते. यानावरील फाइल-व्यवस्था डॉसच्या घराण्यातील होती. या घराण्यात फाइल पुसणे म्हणजे सूचीतील तिच्या नोंदीवर ‘मोकळी’ अशी खूण करणे. सूची स्वतः आखडत नाही. आणि यानाचे सॉफ्टवेअर ही सूची चालू स्मृतीत बाळगीत असे. म्हणून एके काळी जितक्या फायली होत्या तितक्यांचा भार, त्यांतील पुष्कळ पुसल्यावरही, त्या स्मृतीवर कायम राही.

धोक्याची कल्पना पृथ्वीवरील पथकास अगदीच नव्हती असे नाही. जुन्या फायली काढून टाकण्याचे साधन मंगळावरील पंधराव्या दिवशी पाठविण्यात आले होते; परंतु त्याचा एक भाग यानापर्यंत पोहोचला नाही. तो एकोणिसाव्या दिवशी पुन्हा पाठविण्याचे ठरले. अठराव्या दिवशी, २१ जानेवारी रोजी, यानाशी असलेला सुरळीत संपर्क तुटला. चालू स्मृती अपुरी पडताच संगणक पुनरारंभ करी. आरंभ होताच फ्लॅश स्मृतीची सूची उघडू पाही. त्यासाठी स्मृती अपुरी पडे, आणि पुनश्च पुनरारंभ. असे साठांहून अधिक वेळा घडले. रात्री झोपी जावयाचे ते यान जागेच राहिले व त्याच्या विद्युत्घटांतील शक्ती उतरत गेली. अखेर फ्लॅश स्मृतीकडे न पाहताच आरंभ करण्याची आज्ञा पाठविण्यात आली. ही सोय रचनाकारांनी आधीच करून ठेवली होती, म्हणूनच यान वाचले. त्यानंतर अनावश्यक फायली काढण्यात आल्या आणि ६ फेब्रुवारी रोजी फ्लॅश स्मृती पूर्णपणे पुसून नव्याने आखण्यात आली. स्पिरिटने पुढे मार्च २०१० पर्यंत संदेश पाठविले.

येथे लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही, की या दुर्घटनेतील प्रत्येक घटक आपापल्या जागी ठरल्याप्रमाणेच वागत होता. सूची आखडू नये असेच डॉसच्या घराण्यात ठरलेले होते. फायली पुसण्याचे काम पृथ्वीकडे सोपविलेले होते. आणि पृथ्वी ते करीतही होती. चुकले ते इतकेच, की किती दिवसांत ते झाले नाही तर यान थांबेल, याचा हिशोब कोणाच्याच वहीत लिहिलेला नव्हता.

पुढील काळातही हा प्रकार थांबला नाही. मे २०२१ मध्ये विंडोज डिफेंडर या संरक्षक प्रोग्रॅमच्या एका आवृत्तीने आपल्या कप्प्यात हजारोंनी बारीकसारीक फायली साठविल्या. दुरुस्त आवृत्ती त्याच आठवड्यात आली. आणि ६५,५३५ नावांची मर्यादा? मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेट या प्रोग्रॅम-चौकटीने नोव्हेंबर २०२३ मधील आठव्या आवृत्तीत ती काढून टाकली. नावे आता संपत नाहीत. फाइल पुसण्याची जबाबदारी मात्र मागणाऱ्याकडेच ठेवलेली आहे.