ढवळ्याची वाट, आंबेनळीचा दोर

शुक्रवार, 13 जानेवारी 1984. रात्रीचे साडेदहा वाजलेत. मुंबई सेंट्रलच्या स्टँडवर पोलादपूरवरून पुढे जाणारी एसटी लागली आहे आणि तुम्ही खिडकीजवळची जागा धरून बसला आहात. पायात कॅनव्हासचे हंटर शूज, पायाशी हॅवरसॅक, मांडीवर दोराचं वेटोळं. दोर टपावर टाकायला लीडरनं सक्त मनाई केली आहे. त्यावर रॉकेल सांडलं, तो उन्हात तापला, कुणी त्याच्यावर पाय देऊन उभं राहिलं, तरी वरून धडच दिसतो आणि नेमका कड्यावर दगा देतो, हे तुम्हाला पहिल्याच बैठकीत सांगितलेलं आहे. क्लबकडे असे दोरच दोन. दोन्ही वर्गणीतून घेतलेले.

क्लब म्हणजे तरी काय? बँकेत कारकुनी करणारे तिघे, कॉलेजातली पोरं, टेलिफोन खात्यातली एक टायपिस्ट, एक शाळामास्तर. आठवड्यातून एकदा कुणाच्या तरी चाळीतल्या खोलीत बैठक. जे येत नाहीत त्यांना पोस्टकार्ड. सायक्लोस्टाइल केलेलं चार पानी पत्रक. रविवारी मुंब्र्याच्या कातळावर सराव: बोलाइनची गाठ डोळे मिटून मारता यायला हवी, एकाच हातानं मारता यायला हवी, दुसऱ्याची गाठ आपण तपासायची आणि आपली दुसऱ्याला दाखवायची. मुंबईत गिरिविहार 1954 पासून आहे, पुण्यात गिरिप्रेमीची सुरुवात 1982 ची. त्यांच्यापुढे तुमचा क्लब लहान, पण नियम तेच. हरीश कपाडियांचं ‘ट्रेक द सह्याद्रीज’ इतक्या हातांतून फिरलंय की पुठ्ठा सुटला आहे. सर्व्हेचा नकाशा मिळवणं महाकठीण, म्हणून मास्तरांनी कुठूनसा ट्रेसिंग पेपरवर उतरवून आणलाय. त्यावर समोच्चरेषा आहेत, ‘ढवळे’ हे नाव आहे, ‘चंद्रगड’ आहे आणि पूर्वेला आर्थर सीटच्या कड्यापाशी रेषांची नुसती गर्दी आहे. पायवाट मात्र त्या कागदावर कुठंच नाही.

पनवेल, पेण, वडखळ, माणगाव. रस्त्याचं नाव अजून राष्ट्रीय महामार्ग 17, आणि जिल्हा रायगड होऊन तीनच वर्षं झालीत, त्यामुळे शेजारचे आजोबा सवयीनं ‘आमचा कुलाबा’ म्हणतात. कोकण रेल्वेचं काम सुरू व्हायलाही अजून काही वर्षं आहेत, तेव्हा डोंगराकडे यायचं ते असंच, रात्रभर हाडं खिळखिळी करत. महाडच्या स्टँडवर गाडी थांबते. चहा उकळतो आहे. इथून हाकेच्या अंतरावर चवदार तळं आहे, मागं गांधारपाल्याची लेणी काळोखात आहेत.

महाड सुटल्यावर गाडी सावित्रीवरच्या दगडी कमानींच्या पुलावर येते. 1928 सालचा पूल. तुम्ही काळाच्या पुढून आला आहात, म्हणून 2 ऑगस्ट 2016 ची रात्र तुम्हाला ठाऊक आहे. नदी पुरानं फुगलेली असेल, हा पूल कोसळेल आणि दोन एसट्या माणसांसकट पाण्यात जातील. आत्ता जानेवारी आहे, खाली पाणी संथ आहे, ड्रायव्हरनं गिअर बदललाय आणि आजोबा झोपेत आहेत. कुणाला काही सांगून उपयोग नाही. गाडी पूल पार करते.

पोलादपूर. अजून उजाडलेलं नाही. शिवभारत लिहिणाऱ्या कवींद्र परमानंदांची समाधी याच गावात आहे, पण आज वेळ नाही. दुसरी गाडी धरून तुम्ही उमरठला उतरता, कारण तानाजी मालुसऱ्यांच्या समाधीला हात जोडल्याशिवाय पुढं जायचं नाही, असा क्लबाचा रिवाज आहे. इथून पायी.

ढवळ्याला पोचेपर्यंत ऊन चढतं. नाचणीची शेतं केव्हाच कापून मोकळी झालीत. गावात शिरताच लक्षात येतं की इथं तरणे पुरुष नेहमीपेक्षा जास्त आहेत. एरवी हे लोक परळ-लालबागच्या गिरण्यांत असतात, गणपतीला आणि शिमग्याला येतात. पण 18 जानेवारी 1982 ला अडीच लाख कामगारांनी काम थांबवलं, दोन वर्षं होत आली, आणि खोलीचं भाडं परवडेना तसे अनेक जण गावाकडे परतलेत.

वाट दाखवायला येतो तो असाच एक. पंचेचाळिशीचा, बारीक अंगाचा, खांद्यावर कोयता. तुम्ही त्याला मामा म्हणता. निघण्याआधी तो दोराकडे बघतो.

“नायलान का?”

“हो मामा.”

तो टोक हातात घेतो, अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये दाबत दोर हळूहळू सरकवत जातो. पाचसहा हातांवर थांबतो. “हितं दाबलाय. आत तुटलाय का ते बघा.” लीडर वाकून बघतो. वरच्या विणीला काही नाही, पण बोटाला आत किंचित पोकळ लागतं. मामाची हयात मागावर गेली आहे. तुटलेला धागा नजरेच्या आधी बोटाला कळायला हवा, नाहीतर कापडात डाग जातो आणि पगार कापतात. त्या जागेच्या पलीकडे दोर कापून टाकायचं ठरतं. क्लबच्या दोनपैकी एक दोर सहा हातांनी आखूड होतो आणि कुणीही कुरकुर करत नाही.

चंद्रगड तसा आडगड. जावळीच्या मोऱ्यांच्या मुलखातला पहारेकरी. झाडीतली वाट संपली की सोंड अंगावर येते, मग घसारा, मग कातळाचा टप्पा. मामा अनवाणी वर जातो आणि बसून बिडी पेटवतो. तुमच्या कमरेला बोलाइन बांधली जाते, वर लीडर दोर कमरेभोवती घेऊन बसतो. खोबणीत बोटं, दुसरं पाऊल, गुडघा लावायचा नाही, पोट कातळाला चिकटवायचं नाही. “पाय बघा, हात नका बघू,” मामा वरून सांगतो. मुंब्र्याला महिनोन्‌महिने जे शिकवत होते ते त्यानं पाच शब्दांत सांगितलं.

माथ्यावर उघड्यावर शिवलिंग आणि नंदी आहेत, उत्तरेकडे उतरून कातळात खोदलेलं टाकं आहे. खाली सावित्रीचं खोरं, समोर महाबळेश्वरच्या पठाराची भिंत, उत्तरेला मंगळगड. थोडा वेळ इथंच काळ सैल सोडा. 1656 साल: महाराजांनी जावळी घेतली आहे, खालच्या झाडीतून निरोप घेऊन माणसं रायरीच्या दिशेनं निघालीत, आणि वाट कुणाला विचारावी लागत नाही, कारण ती याच खोऱ्यात वाढलेली आहेत. पुढं या 1817 च्या अखेरीला: मंगळगडाचं तेव्हाचं नाव कांगोरी, आणि तिथं हंटर आणि मॉरिसन हे दोन इंग्रज अधिकारी कैदेत आहेत. पुण्याकडे येताना उरुळीपाशी पकडलेले. पुढं त्यांना वासोट्याला हलवतील. पळायचं म्हटलं तरी वाटाड्याशिवाय या रानातून ते कुठं जाणार? राज्यं बदलली, गड पडले, पण कुठल्या घळीतून उतरायचं आणि कुठल्या झऱ्याला मार्चपर्यंत पाणी असतं, हे गावाच्या पायांत राहिलं. तुमच्या क्लबनं ते आज उसनं घेतलं आहे. गिर्यारोहणाच्या आपल्याकडच्या इतिहासात ही उसनवारी फार थोड्या जणांनी नोंदली, आणि मला ते लागतं. अहवालात ‘गावातला एक वाटाड्या सोबत घेतला’ एवढंच वाक्य असतं. त्यातल्या माणसाला नाव नसतं.

रात्री मुक्काम देवळात. संक्रांतीचे दिवस, तुम्ही आणलेले तिळगूळ पोरांच्या हातावर ठेवता. एका घरातून तांदळाच्या भाकऱ्या आणि कुळथाचं पिठलं येतं. टायपिस्टबाई औषधांची पेटी उघडून बसतात: कोयत्याची जखम, लहानग्याचा पिकलेला कान, म्हातारीचे गुडघे. गुडघ्यांना त्यांच्याकडे काही नाही, तरी म्हातारी मलम घेऊन जाते. मग पत्रं येतात. लालबागच्या कुठल्याशा चाळीत द्यायची दोन, काळाचौकीला एक. पोस्टापेक्षा तुमच्या हातून लवकर पोचतील. बाहेर चांदणं एवढं पडलंय की उद्याचा कडा दिसतो आहे.

रविवारी पहाटे चारला चाल सुरू. ढवळे घाटाचं रान दाट आहे. हिरडा, अंजन, वर जाऊ तशी कारवी. उजाडता उजाडता शेकरू ओरडतं आणि एका फांदीवरून दुसरीवर झेप घेतं. बहिरीच्या घुमटीपाशी सगळे टेकतात. मामा देवापुढं हात जोडतो, सुकी पानं बाजूला सारतो, मग बोट दाखवतो. जोरचं पाणी तिकडं आहे, बाटल्या भरून घ्या, वर थेंब मिळायचा नाही.

पुढचा टप्पा कुणाही नवख्याची परीक्षा बघतो. आर्थर सीटच्या कड्याखालून आडवं जायचं. वाट वीतभर. डावीकडे कातळ, उजवीकडे काहीच नाही. जानेवारीतलं वाळलेलं गवत हंटरच्या तळव्याखाली सरसर सुटतं. लीडर दोर आडवा बांधून घेतो, एकेकानं धरून जायचं, एका वेळी एकच माणूस. शेवटचा माणूस ठरलेला असतो. आज ते मास्तर आहेत. सगळे पलीकडे गेल्याखेरीज ते निघणार नाहीत, कितीही उशीर होवो. दमलेल्याची सॅक दुसरा उचलतो, कोण उचलणार हे विचारावं लागत नाही. आता पैसे भरून शनिवार-रविवारच्या बसगाड्या गडांच्या पायथ्याशी रिकाम्या होतात, त्यांतल्या पुष्कळांत या शेवटच्या माणसाची जागाच नसते. गर्दीचा मला राग नाही. डोंगर सगळ्यांचा आहे. पण जिथं गिऱ्हाईक असतं तिथं क्लब नसतो, आणि कड्यावर हा फरक जिवाशी येतो.

दुपार कलताना तुम्ही पठारावर येता. एकदम डांबरी रस्ता, स्वेटर घातलेली माणसं, मक्याची कणसं. मामा रोजंदारीचे पैसे मोजून घेतो. दोन वर्षं पगार नसलेल्या माणसानं ते घ्यायलाच हवेत. “अंधाराआधी गावात पोचतो,” म्हणतो आणि आल्या वाटेनं परत कड्यात उतरतो.

त्याच्या मागं जाऊ नका. तसेच पठाराच्या कडेनं नैर्ऋत्येला चला, प्रतापगडाला वळसा घालून आंबेनळी घाटात, आणि साल बदला. शनिवार, 28 जुलै 2018.

धुकं आहे, पाऊस आहे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठातले कर्मचारी वर्षासहलीला महाबळेश्वरकडे निघाले होते. त्यांची बस सकाळी घाटातून दरीत गेली. एक जण वाचला, झाडोऱ्याला धरत वर रस्त्यावर आला आणि त्यानं जगाला कळवलं. बाकीचे तीस जण खाली आहेत. अंगात कोरडा धागा नसलेले ट्रेकर्स एकेक करून पोचताहेत. महाबळेश्वरचे, पोलादपूरचे, महाडचे, खोपोलीचे. हॉटेल चालवणारे, टॅक्सीवाले, शेतकरी, दुकानदार. कुणी बोलावण्याची वाट बघितलेली नाही.

तुमच्या हातात पुन्हा दोर आहे. आता तो वजनाला हलका, ताकदीला कितीतरी जास्त. आधी तो कशाला बांधायचा ते बघा. एका झाडावर भरवसा नाही, जमीन पाण्यानं भुसभुशीत झाली आहे. दोन झाडं आणि एक खडक मिळून भार वाटून घ्यायचा. कड्याच्या धारेवर दोर घासेल तिथं गोणपाट. पहिला उतरणारा कारवीत दिसेनासा होतो, मग फक्त हाका. “दोर सोड.” “थांब.” “दगड!” वरून निसटलेला दगड खालच्यांच्या अंगावर जाऊ नये म्हणून वर कुणी उगाच पाय हलवत नाही. खाली शेकडो फुटांवर बस चेमटून पडली आहे आणि माणसं उतारभर विखुरलेली आहेत.

एकेकाला स्ट्रेचरवर बांधायचं, चेहरा झाकायचा, पट्टे तपासायचे. मेलेल्या माणसाचंही डोकं कातळावर आपटू द्यायचं नाही. वर पुल्या लावल्यात. ओढणाऱ्यांची रांग रस्त्यावर आहे, तीत पोलीस आहेत, घाटातल्या वाड्यांवरची माणसं आहेत. ती माणसं कुठून पाय सुटेल ते आधीच सांगतात. पलीकडून यंत्रणेची माणसंही खाली उतरली आहेत. “ओढा.” चार पावलं. “थांबा.” दोर अडकवा, पुली खाली सरकवा. “ओढा.” वर रस्त्याच्या कडेला नातेवाईक उभे आहेत. तुम्ही त्यांच्याकडे बघत नाही, कारण बघितलं तर हात सैल पडेल.

अंधारात थांबावं लागतं. रविवारी पुन्हा तेच. शेवटचा मृतदेह वर येईपर्यंत तळव्यांची सालटी गेलेली असतात.

मग सामान मोजायचं. कॅराबिनर किती, स्लिंग किती, खाली काही राहिलं का. एका पोरानं दोर रस्त्यावर पसरलाय, तो अंगठ्यानं दाबत दाबत या टोकापासून त्या टोकापर्यंत चाललाय. दोन ठिकाणी थांबतो. तो दोर आता सरावालाही वापरायचा नाही, नवा घ्यावा लागेल. पैसे कुठून आणायचे, कोण किती देणार, यावर भिजलेल्या कपड्यांतच बोलणं सुरू होतं. पावसाळा अजून दोन महिने आहे, आणि नवा दोर येत्या आठवड्यातच हवा आहे.