वेस्ट व्हर्जिनियाचा कौल

अमेरिकेंत अध्यक्षाच्या निवडणुकीपूर्वीं, आपल्या पक्षानें कोणास उभें करावें याविषयीं अनेक राज्यांत सामान्य मतदारांचा कौल घेतात. १९६० सालीं डेमोक्रॅटिक पक्षाचा असा कौल वेस्ट व्हर्जिनिया या कोळशाच्या खाणींच्या डोंगराळ राज्यांत झाला. एका बाजूस जॉन केनेडी, धनाढ्य घराण्यांतील व कॅथलिक. दुसऱ्या बाजूस औषधविक्रेत्याचे चिरंजीव ह्यूबर्ट हम्फ्री, मजुरांचे कैवारी व प्रॉटेस्टंट. मतदार बहुतेक प्रॉटेस्टंट आणि गरीब. हम्फ्री त्यांना जवळचे वाटावे असेच होते. परंतु त्यांना मत द्यावें तर तें पंथाकडे पाहून दिलें असें जग म्हणणार, हा पेंच! १९२८ सालचा अल् स्मिथ या कॅथलिक उमेदवाराचा पराभव लोक विसरले नव्हते. एप्रिलांत केनेडींनीं विस्कॉन्सिन जिंकलें, तरी तीं मतें कॅथलिक वस्त्यांचीं म्हणून पुष्कळांनीं नाकें मुरडलीं होतीं.

आरमारांत शिरतांना आपणांस कोणी पंथ विचारला नाहीं, असें केनेडी येथें सांगत फिरले. त्यांचा पैसाही पाण्यासारखा वाहिला, हें सांगितलेंच पाहिजे. हम्फ्रींजवळ तो नव्हता. १० मे रोजीं केनेडींस शेंकडा सुमारें ६१ मतें पडलीं. त्याच रात्रीं हम्फ्रींनीं माघार घेतली.